भंगारातलं जड भांडं

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, पॉलिशवाले आहेत, आणि त्यांच्या आसऱ्याने चालणारी भंगाराची दुकानं आहेत. दिवसभर ग्राइंडर फिरतो, ठिणग्या उडतात, माल काट्यावर चढतो. किरणोत्सारी पदार्थांच्या सुरक्षेबद्दल मीरा-भाईंदरकरांशी बोलायचं तर मला सुरुवात या काट्यापासूनच करावीशी वाटते. लोकांची भीती मात्र भलतीकडेच लागलेली असते.

‘युरेनियम पकडलं म्हणजे बॉम्बचा माल पकडला’ हा सगळ्यात घट्ट बसलेला समज. मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने ७.१ किलो युरेनियम जप्त केलं, तेव्हा तो आणखी पसरला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तपासणीत ते नैसर्गिक युरेनियम निघालं. त्यात युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं. बॉम्बसाठी ते प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास न्यावं लागतं, आणि ते काम गाळ्यात बसून होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये ठाण्यात सापडलेलं तर डिप्लिटेड युरेनियम होतं, म्हणजे २३५ त्याहूनही कमी. परवान्याशिवाय असा साठा बाळगणं, विकणं हा गंभीर गुन्हाच आहे. पण तो बॉम्ब नव्हे. पाण्याच्या १९ पट जड असलेला हा धातू किरणं अडवायला उत्तम. वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यांत त्याचंच कवच असतं. सात किलोचा गोळा छोट्या वाडग्यात मावेल. कवच असं हाती लागलं, तर ‘आतला किरणोत्सारी स्रोत कुठे गेला?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कारण माणसं मेली आहेत ती अशा बेवारस स्रोतांमुळे. एप्रिल २०१०, दिल्लीचं मायापुरी. दिल्ली विद्यापीठाने १९६८ साली घेतलेलं, १९८५ नंतर पडून राहिलेलं एक गॅमा यंत्र लिलावात भंगारात गेलं. दुकानदारांनी ते सुटं केलं. आतल्या कोबाल्ट-६० चा बारीक तुकडा एकाने पाकिटात घालून मागच्या खिशात ठेवला. कुल्ल्यावर खोल जखम झाली. दुसऱ्या एका कामगाराचा जीव गेला. त्या धातूला वास नव्हता, आणि हाताला चटका बसावा इतका तो गरमही नव्हता.

‘भट्टीत घातलं की सगळं जळून जातं’ हेही ऐकू येतं. किरणोत्सार अणूच्या गाभ्यातून येतो. भट्टीची आच तिथपर्यंत पोचतच नाही. कोबाल्ट-६० निम्मा व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, वितळवा किंवा न वितळवा. २००८ साली फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला आणि तिथल्या २० कामगारांना जादा मात्रा बसली. त्या पोलादाचा माग लागला तो आपल्या खोपोलीच्या भट्टीपर्यंत. इथे एक फरक ध्यानात ठेवावा: लासलगावच्या कांद्यावर गॅमा किरणं सोडली म्हणून कांदा किरणोत्सारी होत नाही, स्रोतच धातूत मिसळला, तर मात्र धातू किरणोत्सारी होतो. दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र तर बटण बंद केलं की साधा लोखंडी सांगाडा.

‘हे सगळं व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था बघते’ असंही नाही. ती मार्गदर्शन करते. तिच्या २००३ च्या आचारसंहितेत स्रोतांची नोंदवही, परवाना, वापर संपल्यावर परत पाठवण्याची सोय हे सगळं आहे, पण ती संहिता कायद्याने बंधनकारक नाही. धोक्यानुसार स्रोतांच्या पाच श्रेणी पाडल्या आहेत, पहिली सर्वांत घातक. अंमलबजावणी ज्या त्या देशाची. आपल्याकडे ती अणुऊर्जा नियामक मंडळाची. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. अणुसामग्रीच्या संरक्षणाचा करार मात्र बंधनकारक आहे, आणि त्यातली २००५ ची दुरुस्ती भारताने २००७ मध्ये स्वीकारली.

एवढं सगळं कागदावर असूनही शेवटी यंत्र उघडतो तो छिन्नी घेतलेला एखादा पोरगा. आकाराच्या मानाने फारच जड डबा, तीन पात्यांचं किरणोत्साराचं चिन्ह, असं काही दिसलं की कापू नये, उघडू नये, घरी नेऊ नये. लांब व्हावं, इतरांना लांब करावं आणि ११२ फिरवावा.

२००७ मध्ये आणखी एक चिन्ह आलं: लाल त्रिकोण, वर किरणं, खाली कवटी आणि पळणारा माणूस. भारतासह ११ देशांतल्या १,६५० लोकांना दाखवून ते निवडलं गेलं. ते दारावर लावत नाहीत. यंत्राच्या आत, झाकण काढल्यावर नजरेस पडेल असं बसवतात. त्यावर एकही अक्षर नाही.