अननस सहा बिटांत

‘अननस’ हा शब्द शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहायचा आहे. अक्षरं तीन प्रकारची : अ, न आणि स. प्रत्येकाला दोन बिट दिले तर चार अक्षरांना आठ बिट लागतील. पण ‘न’ दोनदा येतो, म्हणून त्याला एकच बिट देऊ, ‘०’. मग ‘अ’ला ‘१’ आणि ‘स’ला ‘०१’. शब्द झाला ‘१०००१’, अवघ्या पाच बिटांत! वाचणाऱ्याची मात्र पंचाईत. हेच आकडे त्याने ‘अनननअ’ असे वाचले, तर त्याची चूक कशी म्हणायची?

आता ‘न’ला ‘०’ राहू द्या. ‘अ’ला ‘१०’ आणि ‘स’ला ‘११’ द्या. अननस होतो ‘१०००११’, सहा बिट. वाचून पाहा. पहिला १ एकटा काहीच सांगत नाही, म्हणून पुढचा आकडा घ्यायचा : १० म्हणजे अ. मग ० म्हणजे न, पुन्हा न, आणि शेवटी ११, स. मध्ये स्वल्पविराम नाही, मोकळी जागा नाही, तरी घोळ नाही. कारण इथे कुठल्याही अक्षराचा संकेत दुसऱ्या संकेताच्या सुरुवातीला येत नाही. अशा संकेतांना प्रीफिक्स कोड म्हणतात. मोर्सच्या लिपीत ही सोय नव्हती. इंग्रजीत वारंवार येणाऱ्या ‘ई’ला एकच टिंब होतं, पण टिंबाने सुरू होणारी इतर अक्षरंही होती. म्हणून दोन अक्षरांमध्ये थांबावंच लागे.

क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये दाखवून दिलं, की अक्षरं किती वेळा येतात यावरून सरासरी किमान किती बिट लागणार हे ठरतं. आपल्या अननसात ते प्रमाण अक्षरामागे दीड बिट येतं. चार अक्षरांचे बरोबर सहा. पण दर वेळी सर्वांत आखूड संकेत बांधायचे कसे? एमआयटीतले रॉबर्ट फॅनो अक्षरांची यादी वरून कापत जात : जवळपास समान वजनाचे दोन गट, मग त्यांचे पुन्हा दोन. रीत चांगली होती, तरी दर वेळी सर्वोत्तम उत्तर देईलच असं नव्हतं.

१९५१मध्ये फॅनोंनी वर्गाला मुभा दिली : परीक्षा द्या किंवा निबंध लिहा. निबंधाचा विषय हाच. आपल्यालाही उत्तर सापडलेलं नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. पंचविशीतल्या डेव्हिड हफमन यांनी कित्येक महिने डोकं फोडलं आणि अखेर परीक्षेचाच अभ्यास करावा असं ठरवून टिपणं टाकून द्यायला घेतली. त्याच वेळी त्यांना वाट दिसली, आणि ती उलट्या दिशेची होती. यादी वरून कापायचीच नाही. सर्वांत कमी वेळा येणारी दोन अक्षरं घ्या, त्यांची जोडी बांधा, जोडीला दोघांच्या संख्यांची बेरीज द्या आणि तिला एकच अक्षर समजून पुन्हा यादीत ठेवा. एकच गाठोडं उरेपर्यंत हेच करत राहा. मग उलट फिरून प्रत्येक गाठीपाशी एका फाट्याला ०, दुसऱ्याला १. दुर्मीळ अक्षरं आधी बांधली गेल्यामुळे खोल जातात आणि लांब संकेत घेतात. नेहमीची वरच राहतात. अक्षरागणिक पूर्ण बिट द्यायचे असतील, तर याहून आखूड प्रीफिक्स कोड बनूच शकत नाही, हे हफमन यांनी सिद्ध केलं. १९५२मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. गणितातली इतकी साधी आणि इतकी अचूक कल्पना क्वचितच पाहायला मिळते.

फॅक्स यंत्रांनी ती कागदावर आणली. १९८०च्या आंतरराष्ट्रीय मानकात ए-फोर कागदाची एक आडवी ओळ १७२८ ठिपक्यांची असे. सलग किती ठिपके पांढरे, किती काळे एवढंच मोजायचं आणि त्या संख्येला संकेत द्यायचा. अक्षरांच्या रेषा बारीक, म्हणून सलग दोन किंवा तीन काळ्या ठिपक्यांना केवळ दोन बिट. पूर्ण कोरी ओळ, म्हणजे १७२८ पांढरे ठिपके, सतरा बिटांत मावत असे. ओळ संपल्याची खूण तेवढी वेगळी.

आज झिप फाइल, पीएनजी चित्र आणि जेपेग फोटो यांच्या पोटात हफमन यांचीच रीत आहे. मराठीला तिची गरज जास्त. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, म्हणजे आठ बिट, पुरतो, तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन. त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. झिपसारखी पद्धत आधी अशी पुनरावृत्ती हुडकते आणि उरलेल्या खुणांना हफमन यांचे संकेत देते. म्हणून मोठा मराठी मजकूर झिप केला की फाइल लक्षणीय लहान होते, आणि उघडल्यावर एकही काना, एकही अनुस्वार हरवलेला नसतो.