डब्याची पंधरा वर्षं

२०२५च्या नोव्हेंबरात आमच्या नॅनोच्या आरसी बुकाची मुदत संपली. पंधरा वर्षं झाली की गाडी पुन्हा आरटीओपुढे उभी करायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढच्या पाच वर्षांची परवानगी घ्यायची. पुनर्नोंदणीचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, २०२२पासून ते ५००० झालं. "त्यापेक्षा भंगारात दे, वर पैसे तरी मिळतील," असं भावाचं मत पडलं. मी मात्र चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासत बसलो होतो. इथल्या खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं ते रत्नागिरीत राहणाऱ्याला सांगायला नको. शेवटचे तीन आकडे उमटेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

रतन टाटांनी १० जानेवारी २००८ला दिल्लीच्या प्रदर्शनात ही गाडी दाखवली. भर पावसात स्कूटरवरून जाणारं कुटुंब पाहून त्यांना ती सुचली, ही गोष्ट तेव्हा सगळ्यांना पाठ होती. आमच्या घरात ती गोष्ट वाटलीच नाही. ते कुटुंब आम्हीच होतो. पुढे उभा मुलगा, मागे ही, हिच्या मांडीवर मुलगी, आणि माळनाक्याच्या चढावर जूनचा पाऊस. त्यात आराखडा पुण्यातला, प्रकल्पाची धुरा गिरीश वाघांकडे. म्हटलं तर घरचंच कार्य. सिंगूरहून कारखाना हलवावा लागला, साणंदला २०१०च्या जूनमध्ये तो सुरू झाला आणि त्याच वर्षाअखेर आमची गाडी आली. लाखाची म्हणता म्हणता दारात येईपर्यंत दोन लाखांना टेकली होती.

रामआळीतून पहिली फेरी मारली तेव्हा पेढे मागायच्या आधी लोकांनी टोमणे दिले. "चावी मागून देता की पुढून?" "दार हळू लावा हो, पलीकडचं उघडेल!" आळीत तिचं नाव पडलं डबा. आम्हीही मग डबाच म्हणू लागलो. आपणच म्हटलं की टोचत नाही.

तिची उलटी रचना अंगवळणी पडायला वर्ष गेलं. इंजिन मागे, ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं. पेट्रोल भरायचं ते पुढचं झाकण उघडून. पंपावर नवा पोरगा असला की हमखास म्हणायचा, "काका, गाडी बाजूला घ्या, इथे इंजिन उघडू नका." त्या वेळच्या गाडीची डिकी बाहेरून उघडायची नाही, मागची सीट पाडायची आणि वाकून हात घालायचा. शिवाय त्या जागेच्या खालीच इंजिन. मिरकरवाड्यावरून घेतलेले बांगडे एकदा तिथे ठेवून मारुती मंदिरापर्यंत आलो, वाटेत दोन कामं केली. घरी पोचलो तेव्हा मासे निम्मे शिजलेले नव्हते एवढंच. वास पुढे दोन महिने गाडीत होता आणि एका पाहुण्याने तर रिक्षा पसंत केली. तेव्हापासून मासळीची पिशवी पुढे, डाव्या पायाशी. आंबे मात्र मागे. आढीत घालायचे ते फळ आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत निम्मं काम उरकून घेतं, असा माझा दावा आहे. सासुरवाडीला तो मान्य नाही.

पण याच इंजिनानं पावसाळ्यात आमची लाज राखली. घराकडे येणारी वाट जांभ्याची, एका अंगाला गडगा, वर शेवाळ. ओढ मागच्या चाकांना आणि वजनही त्यांच्यावरच, त्यामुळे जिथे शेजारची लांबलचक गाडी चाकं फिरवत चिखल उडवायची तिथून डबा गुरगुरत वर चढायचा. वळायला चार मीटरची त्रिज्या, लांबी तीन मीटरला जरा जास्त. मांडवीच्या बोळात, बाजाराच्या दिवशी, गणपती आणायला गेलो की जिथे तिथे जागा सापडायची. भाट्याच्या पुलावर वारा सुटला की मात्र डोलायची. उंच आणि अरुंद अंग, वजन जेमतेम सहाशे किलो. हातखंब्याला महामार्गावर आलं आणि मागून ट्रेलर आला की मी मुकाट्याने डावीकडे सरकायचो. चौपदरीकरणाच्या खड्ड्यांनी बारा इंची चाकांची जी परीक्षा घेतली ती वेगळीच. कोंडून ठेवली त्या पावसात उंदरांनी वायरिंग कुरतडलं तो सगळ्यांत मोठा खर्च.

सुरुवातीला काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आई गाडीत बसेना. भीती कालांतराने गेली, हसणं गेलं नाही. माझ्या मते नॅनो हरली ती तिथेच. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाखांची, आणि दहा वर्षांत मिळून तीन लाख गाड्याही खपल्या नाहीत. २०१८च्या जूनमध्ये एकच गाडी बनली. सर्वांत स्वस्त म्हणून ती खपवायला नको होती, असं खुद्द टाटाही पुढे म्हणाले. स्कूटरवरून उतरणाऱ्याला चार चाकं हवी असतात ती पावसापासून आडोसा म्हणून, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं लग्नाच्या मांडवापुढे गाडी लावताना कळतं. आम्ही ती नेहमी जरा लांब, नारळाखाली लावत आलो.

९ ऑक्टोबर २०२४ला रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी जयस्तंभापाशी एक अनोळखी गृहस्थ गाडीजवळ थांबले, टपावर हात ठेवला आणि काही न बोलता पुढे गेले. चौदा वर्षांत प्रथमच.

पासिंग झालं. नवी मुदत २०३०ची. मुलगा पुण्याहून मोठी गाडी घेऊन येतो आणि बाजारात जायचं झालं की याच चाव्या मागतो. एकच अडचण आहे: मागचा डावा दिवा फुटलाय. तुमच्या गडग्याला टेकून एखादी नॅनो वेलीखाली उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तो दिवा तेवढा काढून ठेवा.