लाल ताऱ्याचे मानकरी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत असलेले सुभेदार नारायण राव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंह या दोघांना सोव्हिएत संघाने १९४४ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’, म्हणजे लाल ताऱ्याचे पदक दिले. दोघेही रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे. या दलाचा रोजचा संबंध ट्रक, रस्ता आणि रसद यांच्याशी असे. जुन्या सोव्हिएत पदकांचा अभ्यास आणि संग्रह करणाऱ्यांची संख्या जगभर मोठी आहे, पण या पदकांविषयीच्या ऐकीव समजुतीही तेवढ्याच पसरलेल्या आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या घरात आजोबांच्या ट्रंकेत ब्रिटिश काळातले पदक निघाले, तर त्यालाही आपण नकळत याच समजुती लावतो. या सगळ्यांचे मूळ एक आहे. पदक हीच पुरेशी साक्ष, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती अशी की पदक ही साक्षीची फक्त सुरुवात असते. पदक, कागद आणि माणूस हे तिन्ही एकमेकांशी जुळले, तरच त्यातून इतिहास उभा राहतो.

गैरसमज १ : सोव्हिएत पदकांचा आपल्या लोकांशी संबंध नाही

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा इराणमध्ये शिरल्या आणि इराणच्या आखातापासून उत्तरेकडे सोव्हिएत सरहद्दीपर्यंत रसदीचा मार्ग खुला झाला. अमेरिकेने सोव्हिएत संघाला पाठवलेल्या युद्धसामग्रीपैकी वजनाने सुमारे चौथा हिस्सा याच मार्गाने गेला. पूर्वेकडे दुसरी वाट होती. बलुचिस्तानातल्या नोककुंडीपर्यंत रेल्वे, तिथून झाहेदानमार्गे मशहदपर्यंत ट्रक. या वाळवंटी आणि डोंगराळ रस्त्यांवर हिंदी फौजेच्या वाहतूक कंपन्यांनी काम केले. गजेंद्र सिंह १९४३ मध्ये जखमी झाले, त्यांना भारतात परत पाठवण्याचे ठरत होते, तरी ते पुन्हा आपल्या तुकडीत रुजू झाले. म्हणजे हा सन्मान राजनैतिक सौजन्यापोटी वाटलेला नव्हता, त्यामागे काम होते. मराठी माणसाच्या मनातही ते युद्ध दूर नव्हते; अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ त्याच काळातला. मात्र इथे एक सावधगिरी हवी. निक्कम हे आडनाव ऐकून ते आपल्याकडचेच असणार, असे वाटू शकते. नोंद सांगते की ते तमिळनाडूतले, आणि गजेंद्र सिंह पिथौरागढकडचे. आडनावावरून गाव ठरवणे हा पुरावा नव्हे.

गैरसमज २ : पदक आहे म्हणजे रणांगणावरचा पराक्रम आहे

हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे, आणि सोव्हिएत पदकांच्या बाबतीत तो सर्वांत जास्त फसवतो. ‘रेड बॅनर’ म्हणजे लाल निशाणाचे पदक १६ सप्टेंबर १९१८ रोजी, यादवी युद्धाच्या धामधुमीत सुरू झाले. लाल तारा आणि ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ ६ एप्रिल १९३० रोजी आले. सुरुवातीच्या वर्षांत ही पदके मोजक्यांनाच मिळत. पण जून १९४४ च्या हुकमाने दीर्घ सेवेसाठीही हीच पदके देण्याची प्रथा सुरू झाली. १५ वर्षांच्या निष्कलंक सेवेला लाल तारा, २० वर्षांना लाल निशाण, २५ वर्षांना ऑर्डर ऑफ लेनिन. १९५७ मध्ये ही प्रथा बंद झाली. त्यामुळे लाल तारा हातात आला तर तो तोफांच्या माऱ्यात मिळाला की कचेरीतल्या १५ वर्षांच्या नोकरीबद्दल, हे नुसत्या धातूवरून सांगता येत नाही. ‘देशभक्तीचे युद्ध’ या नावाचे पदक मे १९४२ मध्ये पराक्रमासाठी सुरू झाले, तर १९८५ मध्ये विजयाच्या ४० व्या वर्षी ते हयात असलेल्या युद्धसैनिकांना सरसकट दिले गेले. दोन्हींचे नाव एक, अर्थ वेगळा. याने सेवेच्या पदकाचा मान कमी होतो का, असा आक्षेप येईल. मान कमी होत नाही. पण न घडलेली लढाई एखाद्याच्या नावावर चढवली, तर जी सेवा त्याने खरोखर केली ती झाकली जाते.

गैरसमज ३ : पदकावर नाव नाही, म्हणजे मानकरी सापडणार नाही

ब्रिटिश पदकांची सवय असलेल्या आपल्या नजरेला सोव्हिएत पदक मुके वाटते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात दिल्या गेलेल्या अनेक पदकांवरही तशी नावे आहेत. सोव्हिएत पदकांवर नाव नसते, पण लाल तारा, लाल निशाण यांसारख्या सन्मानांच्या मागे अनुक्रमांक असतो. तो मानकऱ्याला दिलेल्या पुस्तिकेत आणि सरकारी नोंदपत्रकात लिहिलेला असतो. त्याशिवाय शिफारसपत्र असते. त्यात सैनिकाचे जन्मवर्ष, तुकडी आणि त्याने नेमके काय केले, हे वरिष्ठाने लिहिलेले असते. मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क इथल्या संरक्षण मंत्रालयाच्या मध्यवर्ती दफ्तरातले असे लाखो कागद ‘पोद्विग नारोदा’, म्हणजे जनतेचा पराक्रम, या संकेतस्थळावर २०१० पासून सर्वांसाठी खुले आहेत. यावर रास्त आक्षेप असा की तिथला शोध मुख्यतः नावाने होतो, अनुक्रमांकाने नाही, आणि युद्धमोहिमांच्या पदकांवर तर क्रमांकही नसतो. हे खरे आहे. म्हणूनच जाणकार संग्राहक पदकाइतकीच, किंबहुना अधिक, किंमत त्यासोबतच्या पुस्तिकेला देतात. पुस्तिका हरवली की पदक आणि माणूस यांच्यातला दुवा जवळजवळ तुटतो.

गैरसमज ४ : जुने तेवढे दुर्मिळ

लाल ताऱ्याची पदके ३८ लाखांहून अधिक दिली गेली, लाल निशाणाची पाच लाखांहून अधिक. तेव्हा ‘सोव्हिएत’ आणि ‘जुने’ एवढ्याने काही दुर्मिळ ठरत नाही. दुर्मिळ आहेत ती १९१८ ते १९२४ मधली प्रारंभीची पदके, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही भरपूर आहेत. खरे-खोटे पारखायला घडण वाचावी लागते. लाल निशाण आधी मागच्या स्क्रूने अंगरख्याला लावले जाई, जून १९४३ नंतर ते पंचकोनी पट्टीवरच्या फितीला लटकू लागले; लाल ताऱ्याचा स्क्रू मात्र कायम राहिला. त्यामुळे फितीचे लाल निशाण दाखवून कोणी ते यादवी युद्धातच मिळाल्याचे सांगत असेल, तर तिथे थांबून विचारले पाहिजे. जुन्या पदकांच्या बदल्यात नवी घडण देण्यात आल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणून घडणही एकटी निर्णायक नाही. ती प्रश्न उभा करते, उत्तर कागदातच शोधावे लागते.

गैरसमज ५ : सरकारी नोंद म्हणजे शेवटचा शब्द

इथवरच्या युक्तिवादावरचा सर्वांत गंभीर आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. कागद सत्तेने लिहिलेला असतो, मग त्यावर विश्वास का ठेवायचा? याचे जळजळीत उदाहरण वासिली ब्ल्यूखर यांचे आहे. लाल निशाणाचे पहिले मानकरी ते, लाल ताऱ्याचे पहिले मानकरीही तेच. पुढे ते मार्शल झाले, आणि स्टालिनच्या दडपशाहीत नोव्हेंबर १९३८ मध्ये कोठडीत मरण पावले. त्यांची निर्दोषता १९५६ मध्ये मान्य झाली. ज्या सत्तेने पदक दिले तिनेच माणूस पुसला. आपल्या शेजारचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बरोबर एका महिन्याने, २ फेब्रुवारीला, स्टालिनग्राडची लढाई संपली. स्टालिनग्राडच्या लढवय्यांना पदके मिळाली. आपल्या हुतात्म्यांना तत्कालीन सरकारच्या कागदात गुन्हेगाराची जागा मिळाली. म्हणजे पदक नसणे हा शौर्य नसल्याचा पुरावा नाही, आणि असणे हा न्यायाचा पुरावा नाही. पण यावरून कागद टाकून द्यावेत, असे ठरत नाही. एका कागदाची तपासणी दुसऱ्या कागदाशी, आठवणीशी, गावच्या नोंदीशी करत राहावी, एवढेच ठरते. ब्ल्यूखर यांच्यावरचा अन्याय आज आपल्याला कळतो, तोही जतन झालेल्या नोंदींमुळेच.

आसनगाव, शहापूर, मुरबाड परिसरात ज्यांच्या घरी फौजेतले पूर्वज होऊन गेले, त्यांनी हीच शिस्त आपल्या घरातल्या पदकाला लावावी. पदक घासून चकचकीत करू नये. कडेवरची अक्षरे झिजली की नाव गेले. चांदीच्या भावाने ते सोनाराकडे मोडीत देऊ नये. कडेवरचा नंबर, हुद्दा, पलटण जसेच्या तसे उतरवून घ्यावे, पदक, पेन्शनचे कागद आणि डिस्चार्ज पुस्तिका एकत्र ठेवाव्यात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या नोंदी बेळगावला आणि महार रेजिमेंटच्या सागरला विचारता येतात. आर्मी सर्व्हिस कोअरसाठी बंगळुरूला लिहावे. ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वाट दाखवू शकते. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी खुली आहे. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. घरातल्या थोरांना अजून जे आठवते आहे, ते याच महिन्यात लिहून घ्या, कारण कोणत्याही दफ्तरात ते सापडणार नाही.