बारापर्यंत पोर्टल उघडं आहे

पहाटे ५:४०
युगांडा आमच्या आठ तास पुढे. टेक्सासमधल्या अर्विंगमध्ये पहिला चहा उकळतो तेव्हा जिंजाजवळच्या शाळेत दुपारच्या पोशोची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीची, भांडी घासून झालेली असतात. मुख्याध्यापिकाबाई याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून ठेवतात. लिहायचा त्यांना कंटाळा. आजचा निरोप असा: तिसरं सत्र सुरू झालं, सातवीच्या मुली नोव्हेंबरात परीक्षेला बसणार, शिवणवर्गातल्या दोन पायमशीनींचे पट्टे तुटलेत, आणि आज तुमचा मोठा दिवस ना, देव यश देवो. पट्ट्यांचं मी वहीत लिहून घेतलं. यशाचं रात्री बघू.

मोठा दिवस म्हणजे नॉर्थ टेक्सास गिव्हिंग डे, गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५. डॅलसची कम्युनिटीज फाउंडेशन ऑफ टेक्सास २००९ पासून हा भरवते. सकाळी सहा ते रात्री बारा, एकच पोर्टल आणि त्यावर हजारो संस्था. भटक्या कुत्र्यांचे आसरे, अन्नछत्रं, नाटकमंडळ्या, संग्रहालयं, आणि त्या गर्दीत कुठेतरी आम्ही. युगांडातल्या एका शिवणवर्गाला आणि एका शाळेला पैसे पाठवणारी मूठभर माणसं, ऑफिस नाही, पगारी माणूस नाही. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर याची जाहिरात होईल.

६:००
पोर्टल उघडलं. किमान देणगी २५ डॉलर. पहिली बोहनी आमची आम्हीच करतो, कारण शून्यावर बसलेल्या पानाकडे कोणी ढुंकून बघत नाही.

त्यात सध्या पितृपंधरवडा. गणपती गेले, घट बसायचे आहेत. मधल्या या दिवसांत डॅलस परिसरातली मराठी माणसं नवी गाडी घेत नाहीत, घराच्या कागदांवर सह्या करत नाहीत. द्यायला मात्र हरकत नसते, उलट हात जरा सैल सुटतो. सहा वाजून अकरा मिनिटांनी एक देणगी आली, सोबत ओळ होती: 'कै. दादांच्या स्मरणार्थ'. आमच्या खजिनदार वहिनी या पंधरवड्याला आमचा हंगाम म्हणतात. जरा उघडंवाघडं वाटतं, पण खोटं नाही.

९:००
ऑफिसवाले ऑफिसला गेले. आता दिवस ज्यांच्यावर चालतो त्या बायका कामाला लागतात. हा भाग बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या वहिनी नाशिकला सीए होत्या. देणगीदारांची यादी सांभाळणारी मुलगी पुण्यात डेटाबेसवर काम करायची. फोटो आणि पत्रकं करणारी कोल्हापूरची, तिकडे तिचा स्वतःचा छापखाना होता. तिघी एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटाला बांधून आलेल्या. या व्हिसावर पगाराचं काम करता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळतो, पण नवऱ्याचं ग्रीन कार्ड काही पायऱ्या चढल्यावर. आणि भारतीयांच्या रांगेत प्रत्यक्ष ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मुलं मोठी होतात. फुकट काम करायलाही कायद्याची मेख आहे: ज्या कामाला एरवी पगार देतात ते विनापगार करून चालत नाही. जिथे कोणालाच पगार नाही तिथे प्रश्न येत नाही. आमच्याकडे कोणालाच नाही.

म्हणून एवढ्याशा संस्थेचे हिशेब मोठ्या कंपनीसारखे चोख असतात. लोक कौतुकाने म्हणतात, 'किती सेवाभाव!' सेवाभाव आहेच. पण त्याच्याखाली बारा-पंधरा वर्षं शिकलेलं काहीतरी गंजू नये ही धडपडही आहे, आणि ती लपवण्यात मला अर्थ दिसत नाही. वहिनी तर स्पष्टच सांगतात, 'मला ताळेबंद जुळवल्याशिवाय झोप येत नाही. इथे माझा ताळेबंद दुसरं कोण विचारतंय?'

सकाळचं काम कारकुनीचं. ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच रक्कम वरून घालतात त्यांना आठवण करायची, कारण तो अर्ज कर्मचाऱ्यानेच भरावा लागतो आणि निम्मे जण विसरतात. ज्यांनी मागच्या वर्षी दिलं आणि यंदा नाही त्यांना 'काय झालं?' असं न विचारता काय झालं ते विचारायचं.

११:१५
फोन. प्लेनोच्या एक ताई. 'आमच्याकडे चार मोठ्या पिशव्या मुलांचे कपडे निघालेत, आफ्रिकेतल्या मुलांना होतील ना?'

या प्रश्नाला नाही म्हणणं हे आमचं निम्मं काम. जुने कपडे युगांडाला आमच्यावाचूनही पोचतात, गाठोडीच्या गाठोडी. कंपालाच्या ओविनो बाजारात गेलात तर टेक्सासच्या शाळांचे टी-शर्ट हारीने टांगलेले दिसतील. ते स्वस्त कपडे गरिबाला परवडतात हे खरं, आणि तिथल्या गिरण्या-शिंप्यांचा धंदा त्यांनी बसवला ही तक्रारही खरी. रवांडाने त्यांच्यावर कर वाढवला तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांची करसवलतच थांबवली. २०२३ मध्ये युगांडाचे अध्यक्ष मुसेवेनी म्हणाले, हे मेलेल्या माणसांचे कपडे आहेत, आता बंद. आम्ही शिवण शिकवणाऱ्या वर्गाला पैसे देतो. त्याच गावात फुकटचे कपडे ओतले तर त्या मुलींनी शिवलेलं विकत घेणार कोण?

एवढं सगळं फोनवर सांगायचं नसतं. 'इथल्याच निवाऱ्याला द्या, पत्ता पाठवते' म्हणायचं.

ताई थांबल्या. मग म्हणाल्या, 'आणि आईच्या साड्या? वर्ष झालं जाऊन तिला. सुती आहेत, कडक इस्त्रीच्या.'

इथे मी जरा घुटमळले, कारण साडीची गोष्ट वेगळी आहे. युगांडातल्या बायका समारंभाला जो पायघोळ, उंच टोकदार बाह्यांचा, कमरेला पट्टा बांधलेला पोशाख घालतात त्याला गोमेसी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या गोमेस नावाच्या गोव्याच्या शिंप्याचं ते नाव. मोठ्या घेराच्या गोमेसीला सहा मीटरपर्यंत कापड लागतं. साडी साडेपाच मीटरच्या आसपास, पण ब्लाउजपीस अजून कापलेला नसेल तर सहाच्या पुढे जाते. शिकाऊ मुलींना महाग कापडावर कात्री चालवायला कोण देतं? म्हणून साड्या घेतो. ब्लाउजपीस न कापलेल्या, सुती, मोजक्या. आमच्या लिखित नियमांत हे कुठे बसत नाही. वहिनींनी 'शैक्षणिक साहित्य' असा रकाना करून ठेवलाय.

१:००
गॅरेजमध्ये शिवणकाम. मोटारी बाहेर, पत्र्याचं दार अर्धं वर, पंखा चालू. सप्टेंबरात टेक्सासचं ऊन आपल्या एप्रिलासारखं असतं.

धुऊन वापरायचे पॅड बेततो. या कामाची एक प्रसिद्ध संस्था आहे, डेज फॉर गर्ल्स, सेलेस्ट मर्जेन्स यांनी २००८ मध्ये सुरू केलेली. नैरोबीजवळच्या एका अनाथालयात पाळीच्या दिवसांत मुली पुठ्ठ्यावर बसून राहतात हे कळल्यावर त्यांनी आधी फेकून द्यायचे पॅड पाठवले. ते टाकायला जागाच नव्हती. मग धुवायचे. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अस्मिता योजना आणली, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. वापरलेला पॅड टाकायचा कुठे हा प्रश्न मेळघाटात आणि जिंजात एकच. खड्ड्याच्या संडासात टाकला तर खड्डा लवकर भरतो.

पॅडचे दोन भाग. आतली घडी जाड मऊ फ्लॅनेलची, उलगडली की साधा चौकोन. दोरीवर वाळत घातली तर रुमाल वाटावी अशी मुद्दाम बेतलेली, गडद फुलांची, पांढरी कधीच नाही. सावलीत लपवून वाळवलेलं कापड नीट वाळत नाही. उन्हात घालायला लाज वाटू नये यासाठी ही फुलं. बाहेरचा भाग पंखांचा, खाली टिचबटण, आणि मध्ये पाणी न झिरपणाऱ्या कापडाचा थर. त्या थराला टाचणी लावायची नाही. टाचणीचं भोक दिसत नाही, पण तिथूनच गळतं. कपड्याचे चिमटे लावायचे. नव्या आलेल्या प्रत्येकीच्या हातातून आमच्यातल्या एक काकू पहिल्यांदा टाचण्यांची डबी काढून घेतात.

इथून तयार पॅड आता थोडेच जातात, नमुन्यापुरते. बाकी शिवणवर्गातल्या बायका शिवतात, शाळेला विकतात, आणि शाळेला ते पैसे आम्ही देतो. त्यासाठी इथून जातो तो फक्त न झिरपणाऱ्या कापडाचा तागा आणि टिचबटणं. तिथल्या बाजारात ती बेभरवशाची मिळतात. गॅरेजमधलं आमचं शिवणकाम त्यामुळे कमी होत चाललंय. काही जणींना ते रुचत नाही. हाताने काहीतरी करून पाठवण्यात जो आनंद आहे तो बँकेतून पैसे पाठवण्यात नाही. पण तो आनंद आमचा आणि मजुरी त्यांची. तेव्हा मजुरी वरचढ.

४:३०
विमानतळ. अर्विंगला विमानतळ म्हणजे शेजारच. वाटेत लास कोलिनासमधले कांस्याचे घोडे लागतात. नऊ मस्टँग पाण्यातून उधळलेले, टेक्सासची शान म्हणून पाहुण्यांना दाखवायचे. ते घडवणारे रॉबर्ट ग्लेन केनियात जन्मलेले होते हे फारसं कोणाला माहीत नसतं.

एक डॉक्टरीणबाई दोहामार्गे एंटेबेला निघाल्यात आणि त्यांनी एक बॅग आमच्यासाठी ठेवलीय. मर्यादा २३ किलो. आमचा हातातला काटा २३.४ दाखवतो. डिपार्चरच्या दारात बॅग उघडून काय काढायचं यावर चर्चा. साड्या नाहीत, त्या पुढच्या खेपेला. शेवटी टिचबटणांची एक पुडी डॉक्टरीणबाईंच्या पर्समध्ये गेली. मशीनींचे पट्टे मात्र तिथेच विकत घेणार. जिंजाच्या बाजारात मिळणारी वस्तू इथून न्यायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे.

८:००
फोनांची वेळ. यात काका वाकबगार. काका गुजराती, जन्म जिंजाचा. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा ते शाळकरी होते. इंग्लंडात वाढले, मग टेक्सास. आमच्याशी हिंदी-मराठीची खिचडी, मुख्याध्यापिकाबाईंशी लुसोगा. ज्यांनी हाकललं त्यांच्याच गावाला मदत कशाला, असं त्यांना एकदा कोणी विचारलं. काका म्हणाले, 'हाकललं सैन्याने. आमचं दुकान राखलं ते शेजारच्या बाईने.' त्यापुढे ते या विषयावर बोलत नाहीत.

नाईल नदी व्हिक्टोरिया सरोवरातून जिथे निघते त्या जिंजाच्या काठावर गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ मध्ये सोडला होता. आज तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. आमच्या अर्विंगच्या थॉमस जेफरसन पार्कातही २०१४ पासून गांधीजी उभे आहेत. काका रोज सकाळी तिथे चालायला जातात. मराठी-गुजराती घरांत फोन लावला की सुरुवात इथूनच.

जुन्या टेक्सासकरांना ते दुसऱ्या बाजूने गाठतात. जॉर्ज बुश यांनी २००३ मध्ये आफ्रिकेतल्या एड्सविरुद्ध पेपफार योजना सुरू केली, आणि बुश यांचं ग्रंथालय इथे डॅलसमध्येच. त्या कामाचा अभिमान असलेले रिपब्लिकन मतदार अजून आहेत. यंदा मात्र त्यांच्याकडून एक नवा प्रश्न येतो. १ जुलैला अमेरिकेची परदेशमदत संस्था यूएसएड अधिकृतपणे बंद झाली, मग आता तुम्ही ती जागा भरणार का? तळं आटल्यावर तांब्याकडे बघण्यातली ही गत. काका शांतपणे सांगतात, 'नाही. आम्ही शिवणवर्गाचं भाडं, शाळेचे पॅड आणि सातवीच्या मुलींची फी, एवढंच भरतो.' यावर काही जण फोन ठेवतात. काहींचे मात्र फोनवरच २५ चे १०० होतात.

१०:३०
वहिनींच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप. शेजारी पिठलं-भात, कारण जेवायला कोणालाच सवड झाली नव्हती.

शेवटच्या दोन तासांत आकडा पळतो. वहिनींना त्याचा आनंद होतो आणि थोडी धास्तीही. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असली तर आयकर खात्याला पोस्टकार्डाएवढा ऑनलाइन फॉर्म पुरतो. वर गेली की मोठं विवरणपत्र. फॉर्म कोणताही असो, सलग तीन वर्षं भरायला विसरलात तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. छोट्या संस्था पैशांअभावी बुडतात असं लोकांना वाटतं. पुष्कळशा तारखा विसरून बुडतात.

१२:००
पोर्टल बंद. जिंजात शुक्रवारचे सकाळचे आठ वाजलेत, शाळा भरलीय. मागच्या वर्षीपेक्षा आकडा बरा आहे. वहिनींनी काम वाटून दिलं: २५० डॉलर किंवा त्यावर देणाऱ्या प्रत्येकाला रीतसर पोचपावती लागते, तिच्याशिवाय त्यांना करसवलत घेता येत नाही. निम्म्या डेटाबेसवालीने करायच्या, निम्म्या मी, शुक्रवारी रात्रीपर्यंत.

त्या शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, एच-वन-बीच्या, म्हणजे या नवऱ्यांच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. डेटाबेसवालीचा नवरा आईच्या वर्षश्राद्धासाठी पुण्यात होता. रात्रभर तिकिटं, वकील, कंपनीचे ईमेल. शनिवारी खुलासा आला की आधीच व्हिसा असलेल्यांना ते लागू नाही. पावत्या रविवारी गेल्या, सर्वपित्रीला. तिच्या वाट्याच्या तिनेच केल्या, माझ्याकडे द्यायला तयार नव्हती.