एकसंध पंख-धड विमान
एकसंध पंख-धड विमान ही प्रवासी विमानाची प्रस्तावित रचना आहे. तिच्यात पंख व धड यांच्यात ठळक सीमा नसते. त्यामुळे धडापासूनही उत्थापक बल मिळते आणि हवेचा रोध घटतो. नासा व बोईंग यांच्या एक्स-४८बी या वैमानिकरहित प्रतिकृतीचे पहिले उड्डाण २० जुलै २००७ रोजी झाले. एअरबसने २०२० मध्ये मॅव्हरिक ही प्रतिकृती सादर केली. या रचनेमुळे २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचू शकेल, असा कंपनीचा अंदाज आहे.

मात्र दंडगोलाकार धड आतील हवेचा दाब सहज पेलते. रुंद, चपट्या धडाला त्यासाठी अधिक मजबुती व पर्यायाने अधिक वजन लागते. निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकले पाहिजेत, हा नियमही रुंद कक्षात पाळणे कठीण ठरते. त्यामुळे या रचनेचे भवितव्य इंधनबचतीइतकेच सुरक्षा प्रमाणपत्रावर अवलंबून आहे.