बाहुलीला विचारा, मुलाला नको

1994च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांमुळे महाळुंगे-बालेवाडीचं नाव पहिल्यांदा सगळीकडे गेलं. मग हिंजवडी वाढली, शेतांच्या जागी टॉवर आले आणि 2021मध्ये महाळुंगे पुणे महापालिकेत गेलं. आता इथे रस्त्याच्या एका बाजूला सोसायटीतली मुलं, तर दुसऱ्या बाजूला बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांतली. पुष्कळांचं गाव नुकतंच सुटलेलं. पण चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुला काय वाटतं रे?’ विचारा, उत्तर ठरलेलं: ‘काही नाही.’

हेच त्याच्या हातातल्या बाहुलीला विचारलं, तर ती बोलते. आपल्याकडे हे गुपित मोठ्यांना कधीचं ठाऊक आहे. शब्दभ्रमकार य. के. पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याने शंभरी ओलांडली. चारचौघांत बोलू नये ते हा गृहस्थ खुशाल बोलतो आणि लोक टाळ्या देतात. 1930च्या दशकात न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात लॉरेटा बेंडर आणि अॅडॉल्फ वोल्टमन यांनी मुलांच्या मानसोपचारात बाहुल्यांचे खेळ आणले, तेही याच मुभेच्या जोरावर.

मात्र बाहुली करणारे हात दीर्घकाळ मोठ्यांचेच राहिले. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या. 2021मध्ये त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. रामदास पाध्ये यांनी बाहुल्या घरोघरच्या टीव्हीवर नेल्या. 1993च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातल्या तात्या विंचू या बाहुल्याने तर एका पिढीची झोप उडवली. भीती या भावनेचं शिक्षण तेवढं चोख झालं म्हणायचं! पण मुलं समोर बसून बघतच राहिली.

मुलांच्या हातात वस्तू देण्याचा आग्रह आला बालशिक्षणातून. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत 1926मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे घेतले. नंतर मीना नाईक यांनी बाहुली आणि बालनाट्य यांतच हयात घालवली, आणि ‘वाटेवरती काचा गं’मधून मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासारखा अवघड विषय मुलांपुढे आणला. 2023चा सरकारी ‘जादुई पिटारा’ हा खेळ-साहित्याचा संच तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात बाहुल्याही आहेत. चांगलंच आहे. पण तयार बाहुलीचा चेहराही तयार असतो, आणि बहुधा हसरा.

खरं काम चेहरा ठरवताना होतं. जुना मोजा घ्यावा. अंगठा खाली, बाकीची बोटं वर, की झाला जबडा. डोळ्यांना दोन बटणं, केसांना लोकर. भुवया काळ्या कागदाच्या, पण लगेच चिकटवायच्या नाहीत. नाकाकडची टोकं खाली केली की बाहुली रागावते, वर केली की रडवेली होते. मूल त्या पट्ट्या सरकवत बसतं, एक वर, एक खाली, पुन्हा दोन्ही खाली. तेवढ्यात सहज विचारावं, ‘हा कुणावर चिडलाय?’ ‘बाबावर. बाबा सारखा फोनवर असतो.’ बाहुलीच्या बाबावर, अर्थात.

इथे मोठी माणसं हमखास घोळ घालतात. ‘असं बोलू नये’ म्हणतात, किंवा भुवया नीट करून देतात. दोन्ही टाळावं. बाहुलीशी बाहुलीसारखंच बोलावं आणि ‘म्हणजे तूच ना?’ हे तर मुळीच विचारू नये. मात्र मारहाणीचं, नको त्या स्पर्शाचं काही कानावर आलं, तर तो खेळ समजून सोडू नये. जाणत्या समुपदेशकाला गाठावं.

महाळुंग्यातल्या सोसायट्यांची क्लबहाऊस दुपारी रिकामी असतात. एखाद्या रविवारी ती उघडा, शेजारच्या साइटवरच्या मुलांनाही बोलवा. जोडी फुटलेले मोजे, बटणं आणि फेव्हिकॉल, एवढ्यावर भागतं. आईबाबा बाहेर थांबले तर उत्तम.