निजणारें यंत्र

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अतिवृष्टींत आमच्या माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला पाणी तुंबतें. तेथें पाण्याची पातळी बिनतारी कळविणारें यंत्र बसविलें आणि ऐन पुराच्या रात्रीं बॅटरी संपली, तर त्याचा उपयोग काय?

विद्यार्थी मित्रहो, हिशेब करूं. ईएसपी ८२६६ हा मायक्रोकंट्रोलर बिनतारी चालू असतां सुमारें ८० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २५ तासांत संपेल. तोच दर १५ मिनिटांनीं ५ सेकंद जागून एरवीं गाढ निजला, तर सरासरी प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी भरतो व पावसाळ्याचे चार महिने निभावतात. मात्र बोर्डावरील २ मिलिअँपिअरचा दिवा सतत जळत राहिल्यास सुमारें ३४ दिवसांतच सारें आटोपतें. म्हणून आम्ही सुचवितों, यंत्र बसविण्यापूर्वीं त्याचा निजेंतील प्रवाह मोजावा.